अमेरिकेची राज्यघटना : काही शब्द आणि त्यांचे अर्थ

परक्या देशाची राज्यपद्धती समजावून घेताना आपली फसगत बहुधा शब्दांमुळे होते. संघराज्य, सत्ताविभागणी, न्यायालयीन पुनर्विलोकन हे शब्द आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. पण ते कोणत्या अडचणीतून जन्मास आले हे ठाऊक नसेल, तर त्यांची नुसती घोकंपट्टी होते. म्हणून अमेरिकेच्या घटनेतील असे काही शब्द आम्ही येथे क्रमाने घेणार आहोत.

पहिला शब्द 'राज्यमंडळ'. ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. एका राजाचे जोखड झुगारले, तेव्हा दुसरा धनी डोक्यावर नको, ही त्यांची भावना साहजिकच होती. १७८१ साली अंमलात आलेल्या करारनाम्याने त्यांनी आपसांत एक सैल मंडळ स्थापिले. त्याची काँग्रेस होती, पण तिला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. युद्धाचे कर्ज फेडावयाचे तर राज्यांपुढे हात पसरावा लागे, आणि करारनाम्यात बदल करावयाचा तर तेराही राज्यांची संमती लागे. १७८६ साली मॅसेच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा हे दुबळेपण उघडे पडले. जुलमी सत्तेची भीती होतीच. आता सत्ताच नसण्याची भीतीही कळली.

या दोन भीतींच्या पेचातून 'संघराज्य' हा दुसरा शब्द आला. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियास ५५ प्रतिनिधी जमले; अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन होते. जुन्या करारनाम्याची डागडुजी करावयाची म्हणून ते आले, आणि नवी घटना लिहून परतले. राज्यमंडळ आणि संघराज्य यांतील भेद असा की, पहिले राज्यांकडे मागणी करते, तर दुसऱ्याचा कायदा थेट नागरिकापर्यंत पोचतो. केंद्राला नेमके अधिकार दिले, उरलेले राज्यांकडे राहिले. मोठ्या व लहान राज्यांचा तंटा दोन सभागृहांनी मिटला : प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन. कॅलिफोर्निया केवढे आणि वायोमिंग केवढे! पण सिनेटमध्ये दोघांची मते आजही सारखीच.

तिसरा शब्द 'सत्ताविभागणी'. कायदे करणारा, ते अंमलात आणणारा आणि न्याय देणारा असे तीन भाग केले, एवढेच पुष्कळदा सांगितले जाते. पण मधे भिंती घालून कोणी आवरत नाही. म्हणून प्रत्येकाचा थोडा हात दुसऱ्याच्या कामात ठेवला आहे. काँग्रेसचे विधेयक अध्यक्ष नाकारू शकतो. दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत केले, तर अध्यक्षाचा नकार फुकट जातो. न्यायाधीशाचे नाव अध्यक्ष सुचवितो, संमती सिनेट देते. अध्यक्षावर महाभियोग प्रतिनिधिगृह आणते, सुनावणी सिनेटमध्ये होते. १८६८ साली अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन दोनतृतीयांशाला एक मत कमी पडले म्हणून वाचले. आपल्याकडे मंत्री विधिमंडळात बसतात; तेथे मंत्र्याला काँग्रेसचे सभासद राहता येत नाही.

'न्यायालयीन पुनर्विलोकन' हा शब्द घटनेत शोधून सापडणार नाही. काँग्रेसचा कायदा घटनेशी विसंगत असेल तर तो रद्दबातल, हे तत्त्व सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ सालच्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात प्रस्थापित केले. ते आजही टिकून आहे.

आता घटनेचा आरंभीचाच शब्द : 'आम्ही लोक'. नऊ राज्यांनी अनुमती दिल्यावर घटना लागू व्हावयाची होती. २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायरने ती संख्या पुरी केली. हक्कांची हमी कोठे आहे, असे विचारणाऱ्यांचे समाधान १७९१ च्या दहा दुरुस्त्यांनी झाले. परंतु हे 'लोक' कोण? प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांना तीनपंचमांश धरले होते. मत गुलामाला नाही, आणि त्याच्या डोक्यामागे जादा जागा मात्र मालकांच्या राज्याला! हा डाग पुसण्यास यादवी युद्ध व्हावे लागले. १८६५ साली गुलामगिरी बंद झाली, १८६८ साली नागरिकत्व मिळाले, १८७० साली वर्णावरून मत नाकारण्यास बंदी झाली. स्त्रियांना मताचा हक्क १९२० साली मिळाला. कागदावरचा हक्क दक्षिणेतील काळ्या मतदाराच्या हाती खरोखर पडण्यास मात्र १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

या घडामोडीकडे पुण्याहून एक माणूस डोळे लावून होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटल्याबद्दल, अमेरिकेतील लोकांना अर्पण केला; आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छाही त्यात व्यक्त केली. घटनेतील बाकीचे शब्द सत्तेला वेसण घालण्यासाठी आहेत. ती वेसण कोणाच्या हाती, हे 'आम्ही लोक' या शब्दावरून ठरते. म्हणून कोणतीही घटना वाचताना या शब्दात कोण बसले आणि कोण बाहेर राहिले, हे आपण आधी पाहावे.