इंजिनाची नाडी

यवतमाळच्या रस्त्यावर किंवा पुसद, वणी, उमरखेडच्या बाजारात तुम्ही कधीतरी हे दृश्य पाहिले असेल. एखादी जुनी पेट्रोलची मोटार रस्त्याच्या कडेला उभी असते. तिचे इंजिन चालू असते, पण आवाज एकसारखा येत नाही. तो मध्येच वाढतो, मध्येच मंदावतो. ताप भरलेल्या माणसासारखी सगळी गाडी थरथरते. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिन दोन-चार आचके देते आणि बंद पडते. असे का होते? त्याचे कारण कसे शोधतात? या पाठात आपण तेच पाहू.

आजारी माणूस गेला, की हकीम त्याची नब्ज पाहतो. नब्जला मराठीत नाडी म्हणतात. गाडी उभी असताना इंजिन मंद गतीने फिरत राहते. ही मंद गती म्हणजे इंजिनाची नाडीच होय. गॅरेजमध्ये तिला ‘आयडलिंग’ म्हणतात. पेट्रोलच्या मोटारीचे निरोगी इंजिन या वेळी मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्या घेते.

मारुती ८०० या मोटारीचे उदाहरण घेऊ. ही छोटी मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडर चार कामे करतो : हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे. या चार कामांना इंजिनाच्या दोन फेऱ्या लागतात. समजा, इंजिन मिनिटाला ८४० फेऱ्या घेत आहे. म्हणजे एका सेकंदाला १४ फेऱ्या झाल्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ७ वेळा पेट्रोल पेटले आणि तिन्ही मिळून २१ वेळा! तुम्ही ‘बिस्मिल्लाह’ म्हणेपर्यंत ही घटना वीस-पंचवीस वेळा घडून जाते. यातली काही पेटणी चुकली, की इंजिन हिसका देते. मिस्त्री म्हणतो, “गाडी मिसिंग करते.”

मग हा दोष मंद गतीतच जास्त का दिसतो? तुम्ही सायकल चालवता ना? वेगातली सायकल सरळ जाते. तीच अगदी हळू चालवली, तर डगमगते. इंजिनाचेही तसेच आहे. वेगात एखादी पेटणी चुकली, तरी गती तिला सांभाळून नेते. मंद गतीत तो आधार नसतो. म्हणून लहानसा दोषही तेथे उघडा पडतो.

पेट्रोल नीट पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, योग्य मिश्रण : वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा. दुसरी, वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी. तिसरी, सिलिंडरमधला पुरेसा दाब. दोष यांपैकी कोठे आहे, हे ठरवणे म्हणजेच निदान.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समजा, मे महिना आहे. तुमचे मामू पुसदहून दिग्रस, दारव्हा करत जुन्या मारुतीने यवतमाळला आले आहेत. फाटकापाशी, चौकात, जेथे थांबावे तेथे गाडी बंद पडते. एका ठिकाणी त्यांनी तिन्ही प्लग नवे बसवून घेतले. दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी कार्ब्युरेटरवरचा स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच! शेवटी ते एका अनुभवी मिस्त्रीकडे गेले.

हा मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. आधी तो विचारतो, “भाऊ, इंजिन थंड असताना असे होते, की तापल्यावर? रेस वाढवली, की थरथर जाते का?”

मामू सांगतात, “थंड असो वा गरम, सारखेच. पण रेस दिली, की बरे चालते.”

हे उत्तर महत्त्वाचे आहे. थरथर वेगातही राहिली असती, तर प्लग, ठिणगी किंवा सिलिंडरचा दाब यांच्याकडे आधी संशय गेला असता. ती फक्त मंद गतीत आहे, म्हणून संशय मिश्रणाकडे जातो.

मग मिस्त्री एअर फिल्टर उघडून पाहतो. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात वाटा धुळीने भरलेल्या असतात. वणीकडे कोळशाच्या खाणींची काळी भुकटीही उडते. फिल्टर धुळीने भरला, तर इंजिनाचा श्वास कोंडतो. येथे मात्र फिल्टर स्वच्छ आहे. नंतर तो प्लग पाहतो. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे. तेलकट काळे असेल, तर इंजिनातील ऑइल वर चढत आहे. टोक पांढुरके असेल, तर पेट्रोल कमी पडते किंवा हवा जास्त शिरते. मामूंच्या गाडीचे तिन्ही प्लग पांढुरके आहेत.

आता तो एकेका प्लगची वायर जपून काढतो आणि लगेच परत लावतो. प्रत्येक वेळी इंजिन सारखेच मंदावते. म्हणजे तिन्ही सिलिंडर सारखे काम करत आहेत. एखादी वायर काढूनही काही फरक पडला नसता, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये असता. येथे तिघांचे दुखणे एक आहे. म्हणून कारणही तिघांना सामाईक असले पाहिजे.

शेवटी तो कान देऊन ऐकतो. कोठून तरी ‘सुस्स’ असा बारीक आवाज येतो. रबराची एक बारीक नळी तो पकडीने दाबतो, आणि काय आश्चर्य! इंजिन एकदम शांत फिरू लागते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नळीला चीर पडली होती. त्या चिरेतून जादा हवा आत शिरत होती. मंद गतीत इंजिन थोडीच हवा घेते, म्हणून ती चोरटी हवा मिश्रण बिघडवत होती. वेगात तिचा हिस्सा नगण्य होता. वीतभर नळी बदलली, पिळलेला स्क्रू पूर्ववत केला, आणि गाडी बरी झाली. प्लगवरचा खर्च मात्र फुकट गेला.

मुलांनो, स्क्रू पिळून रेस वाढवणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे, तो झाकणे होय. त्याने पेट्रोल वाया जाते, धूर वाढतो आणि खरा दोष आत तसाच राहतो. मग तो भलत्या वेळी बाहेर येतो. भर चढावर इंजिन बंद पडले, तर गाडी मागे घसरू शकते. अनेक गाड्यांमध्ये इंजिन बंद पडल्यावर ब्रेकही जड होतात. गाडीत बसलेल्यांचा जीव असा त्या चिरलेल्या नळीवर टांगलेला असतो.

२००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले. मोटारीतून कार्ब्युरेटर हळूहळू गेला आणि संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी पद्धत आली. आता डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि यंत्र जोडले, की दोषाचा क्रमांक दिसतो. पण क्रमांक तक्रार सांगतो, कारण नेहमीच सांगत नाही. ‘हवा जास्त’ असे यंत्राने म्हटले, तर सेन्सर बिघडला की नळी फाटली, हे माणसालाच शोधावे लागते.

नवव्या-दहाव्या शतकातील थोर हकीम अल-राझी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. देवी आणि गोवर या आजारांत अंगावर पुरळ येते. म्हणून लोक त्यांत गल्लत करत. अल-राझींनी लक्षणे बारकाईने पाहून दोन्ही आजार वेगळे कसे ओळखावेत, हे आपल्या ग्रंथात लिहिले. मिस्त्रीची रीतही तीच आहे : आधी विचारा, मग पाहा, ऐका. सोप्या गोष्टीपासून सुरुवात करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तपासा.

एक सूचना मात्र विसरू नका. हे सर्व पाहा, पण इंजिनाला स्वतः हात लावू नका. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टची वीज असते. फिरत्या पट्ट्यात ओढणी किंवा रुमाल अडकू शकतो. पेट्रोलला ठिणगी पुरते. बंद खोलीत इंजिन कधीच चालू ठेवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, पण तो प्राण घेतो.

हे काम तुम्हांला आवडले, तर दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. मुलींनाही तो खुला आहे. आणि हा मार्ग घेतला नाही, तरी एवढे लक्षात ठेवा. गणित चुकले, की आपण शेजाऱ्याच्या वहीतील उत्तर उतरवतो, तेव्हा आपणही स्क्रूच पिळत असतो. उत्तर बरोबर दिसते, चूक आत राहते. चूक कोणत्या पायरीवर झाली, ते शोधा. वीतभर नळी सापडली, की सगळे इंजिन शांत होते.