हँगरमध्ये उभारलेलं बार्सिलोना

१९७२च्या अखेरीस मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावरच्या एका हँगरमध्ये बार्सिलोनातला एक चौक उभा राहिला. घरांचे सज्जे, खाणावळ, बाजार, माणसांची झुंबड, सगळं छपराखाली. ऑस्ट्रेलियात हे उन्हाळ्याचे दिवस, त्यात वरून दिव्यांची धग. तिथे ऑस्ट्रेलियन बॅले या संस्थेने ‘डॉन किहोते’ कॅमेऱ्यासमोर नाचून काढला आणि १९७३ साली तो चित्रपटगृहांत झळकला.

दिग्दर्शक दोघे होते. एक रुडॉल्फ नुरेयेव्ह. १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर सोव्हिएत पथकाला सोडून पश्चिमेत आश्रय मागणारा, आणि त्यानंतर बॅले म्हटलं की ज्याचं नाव आधी ओठांवर यायचं असा नर्तक. दुसरे रॉबर्ट हेल्पमन. ऑस्ट्रेलियात जन्मलेले, बॅले आणि अभिनय दोन्हींत मुरलेले. ‘द रेड शूज’ या १९४८च्या गाजलेल्या चित्रपटातही ते होते. नुरेयेव्हने यात न्हावी बासिलिओ केला, ल्युसेट आल्डस यांनी त्याची प्रेयसी किट्री, आणि साठी ओलांडलेले हेल्पमन झाले डॉन किहोते.

हा बॅले ज्या कादंबरीवरून आला, ती सर्व्हांटिसची ‘डॉन किहोते’ १६०५ आणि १६१५ अशा दोन भागांत आली. हजारभर पानांचा ऐवज. वीरकथा वाचून डोकं फिरलेला एक म्हातारा सरदार शेतकरी सांचो पांझाला सोबत घेऊन जगातला अन्याय दूर करायला निघतो. यातला खरा गमतीचा भाग म्हणजे त्या दोघांच्या अखंड गप्पा. बॅलेत तर एकही शब्द बोलायचा नसतो! मग नाचायचं काय?

मारियुस पेतिपा या नृत्यरचनाकाराने १८६९ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरसाठी याचं उत्तर शोधलं. कादंबरीच्या दुसऱ्या भागात एका लग्नाची गोष्ट आहे. गरीब बासिलिओचं जिच्यावर प्रेम आहे, तिचं लग्न श्रीमंत कामाचोशी ठरतं. ऐन मांडवात बासिलिओ स्वतःला तलवारीवर झोकून देतो आणि मरता मरता शेवटची इच्छा म्हणून तिच्याशी लग्न लावून मागतो. लग्न लागताच टुणकन उठून उभा राहतो, कारण रक्तही खोटं आणि घावही खोटा. पेतिपाने कादंबरीतला हा तुकडा मुख्य कथानक केला, लुडविग मिंकुस यांनी संगीत दिलं, आणि एका दार्शनिक विनोदी कादंबरीतून उन्हासारखी लखलखीत प्रेमकथा निघाली. निवड चोख होती. लग्न, बाजार, खाणावळ, भांडण, लपाछपी यांत नाचायला शंभर निमित्तं सापडतात.

पण त्याची किंमत मोजावी लागली ती खुद्द किहोतेला. ज्याच्या नावाने बॅले ओळखला जातो, तोच त्यात जवळजवळ नाचत नाही. भाला घेऊन येतो, पवनचक्कीवर चालून जातो, स्वप्नात आपली मनातली प्रेयसी दुल्सिनेआ पाहतो. बाकी वेळ टाळ्या किट्री आणि बासिलिओला. रंगमंचावर हेल्पमनसारखा कसलेला नट असला तरी वरच्या गॅलरीतून त्याच्या डोळ्यांत काय चाललंय हे कुणाला दिसणार?

इथेच चित्रपट जिंकतो. कॅमेरा जवळ जातो आणि हेल्पमनचा रापलेला, खोल डोळ्यांचा चेहरा पडदा भरून दिसतो. भोवतीच्या धांदलीत त्यांची नजर दुसऱ्याच कुठल्या तरी जगात असते. मॉस्कोच्या रंगमंचावर सर्व्हांटिसचा जो म्हातारा कडेला सरकला होता, त्याला इथे त्याची जागा परत मिळते.

नाचाच्या बाबतीत मात्र हाच क्लोज-अप घातक ठरू शकतो. उडी टिपताना पाय चौकटीबाहेर गेले की उडी संपली. पहिल्या अंकात बासिलिओ किट्रीला एका हातावर डोक्याच्या वर उचलून धरतो; त्या क्षणी खालची टाच ते वरचा हात एकसंध दिसायला हवं, नाहीतर त्या उचलण्याचा कस कळतच नाही. हे सांभाळलं जेफ्री अन्सवर्थ यांनी. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ आणि ‘कॅबरे’चे छायाचित्रकार. शिवाय संगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेलं होतं. रंगमंचावर वादकांचा संचालक नर्तकाची उडी बघून ताल किंचित ओढून धरतो. टेपला ते जमत नाही. नर्तकाने टेपशी जुळवून घ्यायचं, तेही सलग नाही, शॉटमागून शॉट, मधल्या थांब्यात थंड पडलेले स्नायू पुन्हा तापवून. तरीही या चित्रपटातला नुरेयेव्ह खोडकर दिसतो, दमलेला नाही. हे मला त्याच्या उड्यांपेक्षा मोठं वाटतं.

आज चित्रपटगृहात दिसणारा बॅले बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा असतो. १६ ऑक्टोबर २०१३ रोजी लंडनच्या रॉयल बॅलेने नर्तक कार्लोस अकोस्टाने बसवलेला ‘डॉन किहोते’ थेट प्रक्षेपणातून सिनेमागृहांत दाखवला. त्यात चुकलं तर चुकलं, दुसरा टेक नाही. समोर प्रेक्षक बसलेला असतो आणि कॅमेऱ्यांना त्याच्या अध्येमध्ये न येता टिपावं लागतं. त्या थरारालाही तोड नाही. पण हँगरमध्ये कॅमेरा नर्तकांच्या घोळक्यात शिरू शकत होता, आणि तो शिरलाच.

ऑस्ट्रेलियन बॅलेने २०२३ मध्ये, साठाव्या वर्षाच्या निमित्ताने, हाच ‘डॉन किहोते’ पुन्हा रंगमंचावर आणला. त्या वेळी नेपथ्य आणि पोशाख बेतले ते १९७३च्या चित्रपटासाठी बॅरी के यांनी केलेल्या आरेखनांवरून.