शोध पर्यायांचा

एखादे रसायन माणसाला अपायकारक आहे का, हे ठरवण्यासाठी प्राण्यांवर चाचण्या केल्या जातात. १९४४ पासून रूढ झालेल्या ड्रेझ चाचणीत असा पदार्थ सशाच्या डोळ्यात घालून दाह पाहत. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली: प्राण्याऐवजी अन्य साधन वापरणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि त्यांच्या वेदना कमी करणे.

असे पर्याय शोधावेत कोठे? अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ‘पबमेड’ ही संशोधनलेखांची सूची सर्वांना विनामूल्य खुली आहे. मात्र तेथे केवळ ‘पर्याय’ हा शब्द घालून भागत नाही. मानवी पेशींवर काम करणारा संशोधक तो शब्द वापरेलच असे नाही. म्हणून डोळ्याचा दाह, कॉर्निया, पेशीसंवर्धन अशी हेतू, अवयव व पद्धती यांची इंग्रजी नावे समानार्थी शब्दांसह जोडून शोध घ्यावा. ‘अ‍ॅनिमल टेस्टिंग अल्टरनेटिव्ह्ज’ हे सूचीतील ठरीव विषयशीर्षकही वापरावे.

पूर्वीचे काम न वाचता केलेल्या प्रयोगातून बहुधा जुनेच उत्तर हाती येते; वेदना मात्र प्राण्याच्या वाट्याला नव्याने येते. विज्ञान शाखेतील आपल्या माजी विद्यार्थ्यांनी म्हणूनच प्रयोगशाळेच्या आधी ग्रंथालयाचे दार उघडावे.