लाखेची तबकडी

मराठवाड्याच्या माळावर फाल्गुनात पळस फुलतो आणि बांधावरच्या बोरीखाली मुलांची गर्दी होते. या पळसावर आणि बोरीवर काही प्रदेशांत एक अगदी सूक्ष्म, तांबडा किडा वस्ती करतो. तो झाडाचा रस शोषतो आणि आपल्या अंगाभोवती राळेसारख्या पदार्थाचे कवच तयार करतो. हीच लाख होय. बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावसारख्या गावी लाखेची ओळख जुनी आहे. विळ्याची मूठ लाखेने पक्की बसवीत. सोनार पोकळ दागिन्यात लाख भरीत. बायकांच्या हातांत लाखेच्या बांगड्या असत. परंतु याच लाखेने विसाव्या शतकात आणखी एक विलक्षण काम केले. गवयाचा आवाज तिने आपल्या अंगावर कोरून घेतला आणि तो गावोगावी पोचविला. गाण्याच्या ज्या काळ्या तबकड्यांना आपण ध्वनिमुद्रिका म्हणतो, त्या पुष्कळ वर्षे लाखेच्या बनत असत.

आवाज म्हणजे हवेचे कंपन. हे कंपन टिपून पुन्हा ऐकविणारे यंत्र १८७७ मध्ये एडिसन या अमेरिकन संशोधकाने तयार केले. त्यात आवाज नळकांड्यावर उमटत असे. पुढे १८८७ मध्ये बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरण्याची युक्ती काढली. नळकांड्यापेक्षा तबकडीचा छाप काढणे सोपे होते. एका छापखान्यात जशी एकाच पुस्तकाची हजारो प्रती निघतात, तशाच एकाच गाण्याच्या हजारो तबकड्या निघू लागल्या.

१९०२ मध्ये गेसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला व त्याने गौहरजान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत सांगत असे. परदेशातील कारखान्यात तबकडी कोणाची आहे हे कळावे, हा त्यामागील हेतू होता असे सांगतात. कारण त्या काळी मुद्रित केलेले गाणे जहाजाने युरोपात जाई, जर्मनीतील हॅनोव्हर येथे त्याच्या तबकड्या तयार होत आणि त्या पुन्हा हिंदुस्थानात विक्रीस येत. लाख हिंदुस्थानची, गाणे हिंदुस्थानचे, आणि दोघांचाही प्रवास सातासमुद्रापलीकडून! १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदा येथे कारखाना निघाला आणि हा फेरा चुकला. पुढे हा कारखाना डमडम येथे गेला. मुंबईतही १९३५ नंतर ‘यंग इंडिया’ या नावाच्या तबकड्या तयार होऊ लागल्या.

आता तबकडी कशी घडे ते पाहू. प्रथम मेणाची एक जाड, गुळगुळीत चकती फिरत्या मेजावर ठेवीत. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड करून गाई. त्याच्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाशी असलेला पातळ पडदा थरथरे आणि पडद्यास जोडलेली कोरणी मेणावर नागमोडी रेघ ओढी. ही रेघ तबकडीच्या कडेपासून मध्याकडे चक्राकार जाई. आवाज मोठा झाला की वळणे रुंद होत. स्वर चढला की ती अधिक दाट होत. १९२५ पासून कर्ण्याची जागा विजेवर चालणाऱ्या मायक्रोफोनने घेतली, तेव्हा गायकास मोठ्याने गाण्याची गरज उरली नाही व सारंगी-तबल्याचे नाजूक बोलही स्पष्ट उमटू लागले.

गायकाची खरी परीक्षा मात्र वेळेची होती. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन ते साडेतीन मिनिटांत संपे. जो गवई मैफलीत एकच राग तासभर आळवी, त्याला त्याचे सार तीन मिनिटांत सांगावे लागे. शिवाय मेणावरची चूक खोडता येत नसे. एक स्वर घसरला, एखादा साथीदार खोकला, की ती चकती बाद होई व गाणे पहिल्यापासून म्हणावे लागे. आपली विद्या यंत्रात कोंडली तर ती कोणीही चोरून नेईल, या भीतीने काही गवयांनी गाण्यास नकारही दिला. त्यांचे गाणे त्यांच्याबरोबरच गेले.

मेणाची चकती मऊ असते. तिच्यावर सुई फिरविली तर रेघा पुसून जातील. म्हणून तिच्यावर शिशपेन्सिलीत असते तसल्या काळ्या भुकटीचा अतिशय पातळ लेप देत आणि ती तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात बुडवून वीज सोडीत. हळूहळू मेणावर तांब्याचा थर चढे. हा थर सोलून काढला की मेणावरील खोल रेघा त्याच्यावर उंचवटा होऊन उमटलेल्या असत. हा मूळ ठसा फार मोलाचा. तो झिजू नये म्हणून त्याच्यावरून दुसरा आणि दुसऱ्यावरून तिसरा ठसा घेत. दाबयंत्रात बसविला जाई तो हा तिसरा ठसा. तो झिजला तर त्याच्यासारखा दुसरा करता येई. मूळ ठसा सुरक्षित राही.

तबकडीचा मसाला निराळाच होता. लाख धुऊन, वितळवून, तिचे पातळ पत्रे करीत. त्यास चपडा म्हणतात. चपड्यात दगडाची अतिबारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळीत. काजळीने तबकडी काळी होई व दगडाच्या पुडीने कठीण. दाबयंत्रात खाली एक ठसा, वर एक ठसा, प्रत्येकापाशी नावाची गोल चिठ्ठी आणि मध्ये तापवून मऊ केलेला मसाल्याचा गोळा ठेवीत. वाफेच्या उष्णतेने गोळा पातळ होई, प्रचंड दाबाने तो चहूकडे पसरे आणि लगेच थंड पाणी खेळविले की घट्ट होई. चिठ्ठी डिंकाने चिकटवीत नसत. ती दाबानेच तबकडीत बसे. मग कडा घासून, डोळ्यांनी पारखून व काही प्रती वाजवून पाहून माल बाहेर पडे.

मधोमध भोक असलेल्या कागदी पाकिटात घालून या तबकड्या दुकानोदुकानी जात. ग्रामोफोन विकणारा दुकानदार बहुधा घड्याळे, सायकली किंवा वाद्येही विकी. नव्या गाण्यांच्या याद्या कंपन्या छापीत. दुकानदार कर्णा रस्त्याकडे वळवून तबकडी लावी. वाटसरू थांबे, ऐके, आणि पैसे असले तर विकत घेई. नाट्यपदे, अभंग, पोवाडे, कव्वाल्या, विनोदी संवाद, सर्व काही त्या काळ्या चकतीवर मिळे. बालगंधर्वांची पदे ज्यांनी कधी नाटकगृह पाहिले नाही अशांनाही पाठ झाली.

युसूफ वडगावसारख्या गावांत त्या काळी वीज नव्हती आणि रेल्वेही नव्हती. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. परंतु ग्रामोफोनला वीज लागतच नसे. चावी दिली की आतील कमान आवळे आणि ती उलगडताना तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेई. रेल्वेने आलेला माल पुढे मोटारीने किंवा बैलगाडीने खेड्याकडे जाई. तबकडी हातातून निसटली तर तिचे काचेसारखे तुकडे होत. दगडाच्या पुडीवर घासून पोलादी सुईचे टोकही झिजे. म्हणून दर बाजूस नवी सुई घालावी लागे. यंत्र, तबकड्या आणि सुया हा सारा खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेरचा होता. तरीही अशा खेड्यांत एखाद्या घरी यंत्र असले की ओसरीवर सारी आळी जमे. अभंग आणि कव्वाली एकाच कर्ण्यातून ऐकली जाई.

अशा एका तबकडीने काय घडू शकते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. गदग येथील एका शाळकरी मुलाने अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी रागातील ठुमरी तबकडीवर ऐकली. त्या तीन मिनिटांनी त्याच्या जिवाला ओढ लावली. असे गाता आलेच पाहिजे, या ध्यासाने १९३३ मध्ये अवघ्या अकराव्या वर्षी तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. पुष्कळ भटकंतीनंतर तो अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी शिकला. तो मुलगा म्हणजे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी. खाँसाहेब १९३७ मध्ये वारले. पण त्यांचा आवाज आजही ऐकता येतो.

सगळेच आवाज इतके भाग्यवान ठरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात चपडा दुर्मीळ झाला, तेव्हा अमेरिकेत नवी तबकडी हवी असल्यास जुनी परत द्यावी लागे आणि त्या जुन्या दळून नव्या करीत. अशा दळणात कित्येक गाणी नाहीशी झाली. १९४८ मध्ये व्हिनाइल या कृत्रिम पदार्थाची तबकडी निघाली. ती सहज फुटत नसे. तिच्या रेघा फार बारीक असल्यामुळे आणि ती मिनिटास सवातेहतीसच्या थोडे अधिक फेरे घेत असल्यामुळे एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावे. आपल्या देशात लाखेच्या तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत राहिल्या. नंतर त्या थांबल्या.

आता जुन्या पेटाऱ्यांतून आणि माळ्यांवरून या तबकड्या शोधून काढून त्यांतील गाणी नव्या साधनांत उतरविण्याचे काम अनेक संग्राहक करीत आहेत. माळ्यावरची धूळ भरलेली काळी चकती ही अडगळ नव्हे. ती कोणाच्या तरी आवाजाची शेवटची खूण असू शकते. पळसावरच्या एका क्षुद्र किड्याने दिलेली लाख, कारागिराचे कौशल्य आणि गवयाची साधना यांचा तीत संगम झालेला असतो. ती हातात घेताना दोन्ही हातांनी घ्यावी, हेच योग्य.