पांढरी कुर्ती फोटोत मळकी का दिसते?

आमच्या बॅचमधल्या एक ताई घरून सुती कुर्त्या विकतात. दिवाळीआधी त्यांनी पांढऱ्या कुर्त्यांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले. पहिलाच मेसेज आला, "ताई, हा जुना स्टॉक आहे का?" कापड कोरं करकरीत होतं, फोटो मात्र राखाडी. ताईंनी खर्च करून दोन लाइट आणले. तरी तेच!

लाइटनं फरक पडणार नव्हताच. कॅमेऱ्याला कुर्ती कळत नाही, समोरून किती उजेड येतोय तेवढंच कळतं. आणि समोरचं सगळं मिळून मधल्या राखाडी छटेचं आहे, असं तो धरून चालतो. फ्रेम पांढऱ्यानं भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो फोटो गडद करतो. तुम्ही लाइट वाढवा, तो आणखी कमी करेल. काळ्या पर्सचं उलटं होतं, ती फिकट राखाडी येते.

उपाय कॅमेऱ्यावरच आहे: +/− चिन्हाचं बटण किंवा चकती. यालाच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. 'पी' किंवा 'ए' मोडवर (काही कॅमेऱ्यांत 'एव्ही' लिहिलेलं असतं) पांढऱ्या मालाला +१ देऊन बघा, काळ्याला −१. +१ म्हणजे दुप्पट उजेड. पुढे एक तृतीयांशाच्या टप्प्यानं कमी-जास्त करा.

पण पुरेसं झालं हे ओळखायचं कसं? स्क्रीनवर जाऊ नका. तीच स्क्रीन उन्हात अंधारी वाटते आणि रात्री झगझगीत. फोटो उघडून 'इन्फो' बटण दाबा, डोंगरासारखा आलेख येईल. तो हिस्टोग्राम. डावं टोक काळं, उजवं टोक पांढरं. जिथे डोंगर उंच, त्या छटेचे ठिपके जास्त. पांढऱ्या कुर्तीचा डोंगर उजवीकडे हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. चिकटला की विणकाम, भरतकाम पुसलं जातं, आणि जेपेग फोटोत ते नंतर एडिटिंगनंही परत येत नाही.

इथे एक घोळ होतो. ॲमेझॉनला मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे तिचा डोंगर भिंतीला लागणारच. तेव्हा हायलाइट वॉर्निंग चालू करा. जास्त उजळलेला भाग लुकलुकतो. पडदा लुकलुकला तर चालेल, कुर्ती लुकलुकली तर खाली या.

लाल साड्या विकणाऱ्यांनी तर लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख बघावेत. एकूण आलेख ठीक दिसतो, पण लाल एकटाच भिंतीला टेकलेला असतो. मग साडीच्या चुण्या गायब होऊन नुसता लाल पट्टा उरतो. −२/३ करून पुन्हा काढा.

फोनवाल्यांनी वस्तूवर बोट टेकवायचं आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह वर सरकवायचं. काम तेच.

आणि झालं की आकडा शून्यावर आणा. बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करून चालू केलं तरी तो तसाच राहतो. ताईंनी दुसऱ्या दिवशी गडद निळ्या कुर्त्या कालच्याच +१ वर काढल्या. सगळ्या आकाशी आल्या, पंचवीसच्या पंचवीस पुन्हा काढाव्या लागल्या.