मानकांची रणधुमाळी (लेखांक ५) : सहा हजार पानांचा खुलेपणा

मागच्या आठवड्यात बीटामॅक्स आणि व्हीएचएसचं भांडण पाहिलं. त्याचा निकाल गिऱ्हाइकांनी दुकानात लावला. आजच्या भांडणाची गिऱ्हाइकांना फारशी खबरही नव्हती. ते लढलं गेलं बोस्टनच्या सरकारी कचेऱ्यांत, जिनिव्हाच्या सभागृहात आणि देशोदेशींच्या मानक संस्थांच्या समित्यांत. वाद एवढाच, की आपण लिहिलेला मजकूर फाइलमध्ये कोणत्या रचनेत साठवायचा आणि ती रचना ठरवायची कोणी.

वर्डच्या जुन्या ‘डॉक’ फाइलची आतली रचना मायक्रोसॉफ्टने बरीच वर्षं सर्वांसाठी खुली ठेवली नव्हती. इतर कंपन्या अंदाजाने ती उलगडत. मग कुठे तक्ता सरके, कुठे समास बिघडे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला लेख तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडून ज्याने अगम्य चिन्हांची रांग पाहिली आहे, त्याला ही परवशता वेगळी समजावून सांगायला नको.

सन कंपनीने १९९९ मध्ये स्टार डिव्हिजन ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि तिचं ऑफिस सॉफ्टवेअर पुढे ओपनऑफिस या नावाने खुलं केलं. त्याच्या फाइलरचनेतून ओएसिस या संस्थेत ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, घडलं. ओएसिसने ते मे २००५ मध्ये मंजूर केलं, आयएसओने मे २००६ मध्ये. आयबीएमही पाठीशी उभी राहिली. यात लोककल्याण किती आणि धंदा किती, हे विचारायलाच हवं. वर्ड-एक्सेलपुढे या दोघांची ऑफिस सॉफ्टवेअर बाजारात टिकत नव्हती. पण सांगणाऱ्याचा स्वार्थ असला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

तो मुद्दा मॅसॅच्युसेट्स राज्याने उचलला. सरकारी नोंदी पिढ्यान्‌पिढ्या वाचता आल्या पाहिजेत, त्यासाठी एकाच कंपनीच्या तोंडाकडे पाहावं लागू नये, असं म्हणत सप्टेंबर २००५ मध्ये राज्याने १ जानेवारी २००७ पासून ओडीएफ वापरायचं ठरवलं. लगेच वादळ उठलं. त्यातला एक आक्षेप खरा होता: अंध कर्मचाऱ्यांची पडदा वाचून दाखवणारी साधनं तेव्हा मायक्रोसॉफ्ट ऑफिसशी जुळलेली होती. राज्याचे माहिती तंत्रज्ञान प्रमुख पीटर क्विन यांच्या परिषदांच्या दौऱ्यांवर वर्तमानपत्रात शंका घेतल्या गेल्या. चौकशीत ते निर्दोष ठरले, तरी जानेवारी २००६ मध्ये त्यांनी पद सोडलं.

मायक्रोसॉफ्टने ओळखलं, की सरकारांना ‘खुलं मानक’ हवं असेल तर आपलंही एक हवं. कंपनीने आपली नवी रचना, ऑफिस ओपन एक्सएमएल, एक्मा या संस्थेकडे नेली आणि डिसेंबर २००६ मध्ये एक्माने ती मंजूर केली. सहा हजारांहून जास्त पानं! कंपनीचं म्हणणं, की अब्जावधी जुन्या फाइली जशाच्या तशा नव्या रचनेत आणायच्या तर इतकं सांगावंच लागतं. हे पटण्यासारखं आहे. मात्र आत डोकावलं की ‘वर्ड ९५ प्रमाणे अंतर सोडा’ अशा सूचना सापडत. वर्ड ९५ अंतर कसं सोडायचं, ते मात्र लिहिलेलं नव्हतं. लोटस १-२-३ ने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, एक्सेलने ती चूक सुसंगतीसाठी मुद्दाम उचलली, आणि आता २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीख मानकात शिरली. दुसऱ्या कोणाला नवं सॉफ्टवेअर बांधता यावं यासाठी हे लिहिलं आहे की एका कंपनीच्या मालाची दप्तरनोंद म्हणून, असा प्रश्न पडतो. माझ्या मते, दप्तरनोंद म्हणूनच.

हे बाड आयएसओच्या जलदगती मार्गाने देशोदेशींच्या मानक संस्थांच्या मतदानासाठी पाठवलं गेलं. स्वीडनमध्ये ऐन बैठकीच्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या भागीदार कंपन्या समितीत दाखल झाल्या. भागीदारांना मतासाठी विपणन साहाय्याचं आमिष दाखवणारं एका कर्मचाऱ्याचं पत्र बाहेर आलं. एकाच सदस्याने दोनदा मत दिल्याचं आढळल्यावर स्वीडनने मतदानच रद्द केलं. सप्टेंबर २००७ च्या मोजणीत प्रस्ताव पडला: मत देणाऱ्या सहभागी सदस्यांपैकी दोनतृतीयांशांची गरज होती, मिळाले ५३ टक्के.

आलेल्या हरकती निवारायला फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात पाच दिवसांची बैठक भरली. हजाराहून जास्त दुरुस्त्या पाच दिवसांत कोण वाचणार? बहुतेकांवर चर्चा न होताच घाऊक मतदान उरकलं. मार्चअखेर ७५ टक्के मिळाले आणि मानक मंजूर झालं. भारतीय मानक ब्यूरोने दोन्ही वेळा विरोधात मत दिलं. नंतर दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि व्हेनेझुएलासोबत भारतानेही अपील केलं. ऑगस्टमध्ये ती सगळी फेटाळली गेली.

ओडीएफवाल्यांनीही फार मिरवू नये. त्यांच्या पहिल्या आवृत्तीत तक्त्यातली सूत्रं नेमकी कशी लिहायची, हेच ठरवलेलं नव्हतं. ते २०११ च्या १.२ आवृत्तीत आलं. २०१४ मध्ये ब्रिटन सरकारने संपादन करण्याजोग्या दस्तऐवजांसाठी ओडीएफ निवडलं, तरी जगातल्या कचेऱ्या वर्डवरच राहिल्या.

खरा निकाल एका तडजोडीत दडला आहे. जिनिव्हानंतर मानकाचे दोन भाग झाले. जुन्या सवयी सांभाळणारा ‘ट्रान्झिशनल’ आणि नव्या फाइलींसाठी शुद्ध केलेला ‘स्ट्रिक्ट’. ऑफिस २०१० ला स्ट्रिक्ट फाइल वाचता येई, लिहिता येत नसे. जिनिव्हाच्या बैठकीचे निमंत्रक ॲलेक्स ब्राउन यांनीच त्याबद्दल मायक्रोसॉफ्टला जाहीरपणे दोष दिला. २०१३ च्या आवृत्तीत ती सोय आली. ती वर्डमधल्या ‘सेव्ह ॲज’च्या यादीत ‘स्ट्रिक्ट ओपन एक्सएमएल डॉक्युमेंट’ या नावाने सापडेल. काहीच न निवडता साठवलेली डॉक्एक्स फाइल मात्र आजही ट्रान्झिशनलच असते.

(पुढील आठवड्यात : मोबाइल चार्जरची एकच पिन आणि युरोपीय संघ)