वाफ्याची माती कोठून आणावी?

परसात थोडी कोथिंबीर, मेथी, चार वांग्यांची रोपे असावीत, असे कोणत्या गृहिणीस वाटत नाही? परंतु शिरूर व दौंड या गावांत पुष्कळ घरांभोवती नुसता मुरूम असतो, नाही तर फरशी. अशा ठिकाणी विटांची फूटभर उंच चौकट रचून तिच्यात भाजी लावणे हा उत्तम उपाय होय. चौकट रचणे हे एका शनिवारचे काम. खरा प्रश्न ती कशाने भरावी हा आहे. त्याचे उत्तर आम्हांस ठेच लागून मिळाले. ते विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही पहिला वाफा रचला, तेव्हा दारावर आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून काळीभोर माती विकत घेतली. माती स्वस्त मिळाली, म्हणून आम्ही खूष होतो. पुढे एकदा गावाबाहेर जाणे झाले असता ती जेथून खणली होती ते शेत दृष्टीस पडले. मालकाने अडचणीच्या वेळी शेताचा वरचा थर विकला होता. खाली मुरूम उघडा पडला होता आणि त्यावर पेरलेली बाजरी वीतभर वाढून सुकून गेली होती. आमचा वाफा भरला; पण एका घरची भाकरी उणी झाली, हे पाहून मनास फार लागले.

आपल्याकडील काळी जमीन ज्या खडकापासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. ऊन, पाऊस, मुळे व सूक्ष्म जीव यांनी तो झिजून बोटभर माती होण्यास शेकडो वर्षे लागतात. यंत्राने ती अर्ध्या दिवसात उचलली जाते. परत मात्र घालता येत नाही. शिवाय माती व मुरूम ही कायद्याने गौण खनिजे ठरतात. त्यांच्या उत्खननास महसूल खात्याची परवानगी लागते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

त्या विकतच्या मातीने आमचेही भले केले नाही. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. ते पाण्याने फुगतात व वाळताना आकसतात. पावसाळ्यात आमच्या वाफ्याचा चिखल झाला आणि उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा पडल्या. तात्पर्य, नुसत्या मातीने वाफा भरणे हीच मुळात चूक होय.

आता आम्ही वाफा भरतो तो येणेप्रमाणे. तळाच्या तिसऱ्या हिश्शात उसाचे पाचट, वाळक्या काटक्या व पालापाचोळा दाबून घालतो आणि त्यावर शेणकाला शिंपडतो. दौंड तालुक्यात ऊस तुटल्यावर पुष्कळ ठिकाणी पाचट जाळून टाकतात. मागितल्यास शेतकरी ते आनंदाने देतो. कच्चे पाचट कुजताना मातीतील नत्र ओढून घेते व वरची पाने पिवळी पडतात; म्हणून ते तळाशीच ठेवावे. वरच्या दोन हिश्शांसाठी दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग पाल्याचे खत असे मिश्रण करावे.

याचा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद व एक फूट उंच वाफ्यात १८ घनफूट माल मावतो. तो पाण्याने खाली बसतो, म्हणून सुमारे २२ घनफूट धरावा. त्यातील एकतृतीयांश पाचट, आणि उरलेल्याच्या निम्मे खत. म्हणजे प्रत्यक्ष माती लागते अवघी सात-आठ घनफूट. बाजारात माती ब्रासने विकतात व ब्रास म्हणजे १०० घनफूट. एवढ्याशा गरजेसाठी कोणाचे शेत खरवडण्याचे कारणच उरत नाही. मात्र वाफा गच्चीवर करावयाचा असेल तर आधी जाणत्या इंजिनियरास विचारावे. नुसती ओली माती दर घनफुटास ४५ किलोंच्या आसपास भरते.

ही थोडी माती कोठून मिळवावी? घराचा पाया खणताना वरची माती वेगळी काढून ठेवली, तर तीच पुरते. नाही तर तळ्याचा किंवा बंधाऱ्याचा गाळ घ्यावा. तो पावसाने शिवारांतून वाहून आलेला मातीचा कसच असतो. धरणांतील गाळ काढून शेतांत पसरावा, यासाठी राज्य शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. त्या गाळावर पहिला हक्क शेतकऱ्याचा; आपण चार पोती न्यावयाची तरी ग्रामपंचायतीस विचारूनच न्यावीत. गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी उतरते तेथील गाळ भाजीसाठी कदापि घेऊ नये. ज्या मातीवर वाळल्यावर पांढरे फूल येते, तीही टाळावी. कालव्याचे पाणी अतोनात दिलेल्या जमिनींत असे क्षार वर येतात व रोपे जळतात.

मातीची परीक्षा घरीच करता येते. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घालून वर पाणी भरावे, खूप हलवावे व बरणी ठेवून द्यावी. रेती काही क्षणांत तळाशी बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकण कण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. चिकण थर जाड असेल तर खताचे प्रमाण वाढवावे.

पहिल्या वर्षी वाफा चार-सहा बोटे खाली बसेल. तेव्हा पुन्हा माती शोधू नये. भाज्यांची देठे, साली, अंगणातील पाला खड्ड्यात कुजवून त्याचेच खत दर वर्षी वर घालावे. आमच्या पहिल्या वाफ्यातील ती काळी माती आम्ही अशीच खत मिसळून सुधारली. आज तिच्यात मेथी चांगली येते. परंतु ते शेत आम्हांस भरून देता आले नाही. म्हणून विद्यार्थ्यांस इतकेच सांगणे, की दारी मातीची ट्रॉली आली तर भाव विचारण्याआधी ती कोणाच्या शेतातून आली, हे विचारा.